मोटरीचा कौल

“त्या पाटीक हात लावशीत तर माझ्याइतको वायट कोण नाय,” आबा म्हणाले.

मी लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनच्या, मागे उकिडवी बसले होते. हातात दाढीचं ब्लेड आणि समोर मोटर. प्रत्येक मोटरीच्या अंगावर एक पाटी असते. मोटर किती घोड्यांची, म्हणजे किती हॉर्सपॉवरची, किती करंट घेते, मिनिटाला किती फेरे मारते, सगळं तिच्यावर कोरलेलं असतं. आमच्या मोटरीलाही पाटी होती, फक्त ती हिरव्या ऑइलपेंटखाली होती. आमच्याकडे दसऱ्याला मशिनं धुवायची, पुसायची आणि मग नवी दिसावीत म्हणून रंगवायची, अशी रीत. रंगवणारे दोघं, आबा आणि तात्या. भक्तीच्या भरात त्यांनी तेल सोडायची भोकं रंगवली, मोजपट्टीचे आकडे रंगवले, एका वर्षी वेळेवर हलली नाही म्हणून पालसुद्धा रंगवली. तिथे पाटीची काय कथा! माझ्या वयापेक्षा जास्त दसरे त्या पाटीवर बसले होते.

“आबा, माका फक्त दोन मिनटां होयी. आकडो बघतंय आणि उठतंय.”

“नाय.”

“कित्याक नाय?”

“तात्याक इचार.”

आबा माझे वडील, आणि तात्या त्यांचे थोरले भाऊ. ते बाकावर बसून सुपारी कातरत होते. तात्यांची ओळख करून द्यायची तर आधी मिशीची करून द्यावी लागते, कारण वळणावरून आधी मिशी दिसायची आणि मग तात्या. ती गालावरून पार कानाच्या दिशेने निघालेली होती. गावच्या जत्रेत दशावताराचा खेळ असला की राजा कोणीही होवो, प्रधान मात्र तात्याच, कारण मिशी लावायचा वेळ वाचायचा.

“माका कित्याक इचारतंस?” तात्या म्हणाले. “माका आकडो ठावक आसा. साडेसात घोडे.”

“पाच,” आबा म्हणाले.

“साडेसात.”

“पाच! मिया माझ्या ह्या डोळ्यांनी वाचलंय.”

“त्या डोळ्यांनी तू सासऱ्याक चोर समजान धरलं होतंस.”

हे भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं. गोव्यातला एक बोटी बांधायचा कारखाना बंद पडला, तेव्हा दोघा भावांनी तिथून हा लेथ आणला आणि कुडाळजवळच्या आमच्या गावात ‘धुरी बंधू’ म्हणून वर्कशॉप टाकलं. होड्यांचे शाफ्ट, पंपांचे दांडे, काजूच्या कारखान्यांचे रोलर, काय येईल ते कातून द्यायचं. घरी आणल्या आणल्या दोघांनी पाटी वाचली. पहिल्याच दसऱ्याला दोघांनी मिळून ती रंगवली. आणि त्यानंतर कधीतरी, गणपतीच्या आरतीला सगळा वाडा जमलेला असताना, मोटर किती घोड्यांची यावरून दोघांची जुंपली. शब्दाने शब्द वाढला. तात्यांनी गणपतीसमोर हात आपटला. मोटर साडेसातची नसली तर ही मिशी काढीन, म्हणाले. आबांनी त्याहून जोरात हात आपटला. पाचची नसली तर जन्मात मासा खाणार नाही, म्हणाले.

मालवणी माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आबा ताप आला तरी पेजेबरोबर सुका बांगडा मागणारे. त्या दिवसापासून त्या पाटीला ब्लेड लावायची कोणाची छाती झाली नाही. खरं कळलं की एक तर मिशी जाणार, नाही तर मासे, आणि दोघांपैकी एकालाही ती जोखीम नको होती. गेली कित्येक वर्षं दोघं नुसते ‘पाच’, ‘साडेसात’ करत सुखात होते.

आता मात्र मला तो आकडा हवा होता, आणि तोही गंमत म्हणून नव्हे. लेथचा गिअरबॉक्स मोडला होता. दाते झिजून गळाले होते आणि लेथ एकाच वेगावर अडकला होता. शाफ्टसारखं जाड काम कमी वेगावर करायचं असतं, ते बंद पडलं. तसा गिअरबॉक्स आता कुठे मिळत नव्हता. भंगारवाला येऊन लेथची पाठ थोपटल्यासारखं करून गेला. आबा म्हणाले, दसऱ्यापर्यंत चालला तर पूजा करू, नाही तर देऊन टाकू. त्याच आठवड्यात आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा डोंबिवलीचा. नोकरी कुठे, तर रंगाच्या कंपनीत. म्हणजे माझं नशीब रंगातून सुटणार नव्हतं.

मी मालवणच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि मला त्या लेथवर काम करायचं होतं. चारुशीला हे नाव ठेवणाऱ्याने माझ्याकडून चार शिष्ट गोष्टींची अपेक्षा केली असेल, पण मला लोखंडाचा कातलेला किस गरम गरम खाली पडताना बघायला आवडायचं. लेथ भंगारात गेला की मी डोंबिवलीला जाणार, हे इतकं सरळ होतं. त्यावर उपाय एकच होता. मोटरीला ड्राइव्ह लावायचा. घरातल्या पंख्याला रेग्युलेटर असतो, तसा हा मोटरीचा रेग्युलेटर. बटण फिरवलं की मोटर हवी तेवढी हळू किंवा जोरात फिरते. गिअरबॉक्स अडकला तर अडकला. आबा आणि तात्यांना ही कल्पना पटली, आणि एखाद्या गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग मी विचारलं, मोटर कितीची, आणि एकमत संपलं.

मी कोल्हापूरला ड्राइव्ह विकणाऱ्या घाटगेसाहेबांना फोन लावला.

“बोला की ताई. प्लेटवरचा अँपिअरचा आकडा सांगा.”

“प्लेटवर रंग आहे.”

“खरवडा की मग.”

“खरवडता येत नाही.”

“का ओ?”

“काकांची मिशी जाईल.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मिशी अडकलीय काय मोटरीत? आधी मेन स्विच बंद करा ताई! ओढू नका, कात्री घ्या!”

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोटरीच्या शाफ्टची जाडी मोजली होती, तीही सांगितली. पण मोटर कुठल्या तरी जुन्या विलायती मापाची होती, त्यांच्या तक्त्यात बसेना. घाटगेसाहेब भला माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं.

“हे बघा, पंपाला लावायचा ड्राइव्ह वेगळा आणि लेथच्या फिरत्या स्पिंडलला लावायचा वेगळा. कातायचं टूल एकदम आत घुसलं की मोटर दम खाती, करंट वढती. म्हणून मोटरीपेक्षा एक नंबर मोठा ड्राइव्ह घ्यायचा. पाचची मोटर असंल तर साडेसातचा. साडेसातची असंल तर दहाचा.”

“मग दहाचाच घेऊ का? दोन्हीला चालेल.”

“चालंल की. पण मोटरीचा करंट आत भरायलाच लागतोय. चुकीचा भरला तर ड्राइव्ह गप बसंल आणि मोटर जळंल. आणि अजून एक. कमी स्पीडला मोटरीचा आपला पंखा पण हळू फिरतोय, तिला वारं लागत नाही. बाहेरून एक पंखा सोडा तिच्यावर. आणि ताई, नीट ठरवून सांगा. एकदा मागवला की माल परत घेत नाही आम्ही.”

मी हे सगळं रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ती माझी चूक झाली. आमच्याकडे कुठलीही महत्त्वाची गोष्ट ताटावर सांगू नये.

“पाचच्या मोटारीक साडेसातचो ड्राइव्ह?” आबांनी घास खाली ठेवला. “म्हणजे उद्या आख्खो गाव येवन बघतलो, धुऱ्यांच्या लेथार साडेसात लिवलेला आसा. तात्या जिकलो म्हणतले!”

“मगे धाचो मागव,” तात्या म्हणाले.

“धाचो हाडलो म्हणजे मोटार साडेसातची. म्हणजे मिया मासे सोडूचे!”

“मगे पाचचोच हाड, आणि जाळ मोटार.”

“तात्या, आबा, मी उद्या पाटी खरवडतंय,” मी ओरडले. “कोणाची मिशी जावंदे नायतर मासे जावंदे. माका डोंबिवलीक जावचा नाय!”

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यावर चप्पल ठेवायला निघाले आहे. तेवढ्यात आई आतून सोलकढी घेऊन आली. आईचं या पैजेबद्दल एकच म्हणणं होतं, की यांनी मासे सोडले तर मला रोज दोन स्वयंपाक करावे लागतील, आणि ते मी करणार नाही.

“मी सांगू?” ती म्हणाली. “पाटी खरवडूक नको आणि भांडूक नको. रवळनाथाक कौल लावा. देव सांगात ता खरा.”

मला वाटलं, दोघं उडी मारतील. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं कौलावर ठरतं. पण तसं झालं नाही. आबांनी सोलकढीची वाटी उगाच फिरवली. तात्यांनी मिशीचं टोक तोंडात घेतलं, जे ते फक्त नाटकातली वाक्यं विसरले की घ्यायचे. कौलाला नाही म्हणणं म्हणजे आपला आकडा खोटा असल्याची कबुली. शेवटी दोघंही एकदमच ‘चलात’ म्हणाले. मला वाटलं ती देवाची भीती, आणि आपली माणसं किती श्रद्धाळू आहेत, म्हणून गहिवरूनही आलं. तेव्हा मी फारच लवकर गहिवरत असे.

देवळात बाबल गुरवाने आधी सगळं नीट ऐकून घेतलं.

“मोटारीचो कौल?” तो म्हणाला. “माझ्या आज्यापासून कोणी लावलो नाय. पण देवाक काय, देवाक सगळा कळता.”

त्याने फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं.

“बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या धुरी बंधूंनी तुझ्यापुढे जो काय प्रश्न घातलेलो आसा, तेंच्या लेथाची जी काय मोटार आसा—”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्यार जो काय रेगुलेटर बसवचो आसा, तो टिकांदे, जळाक नको, फ्यूज जावक नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

“कोणी वाकड्या नजरेन वायरिंगकडे बघल्यान आसात, तर तेची नजर तू बाराच्या वाटेन ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ती मोटार पाच घोड्यांची आसा काय, ता उजव्या कळ्यान सांग रे म्हाराजा!”

आम्ही वाट बघत राहिलो. पावसाळी हवा, पाषाण ओला, पाकळ्या हलायला तयार नाहीत. आबांच्या कपाळावर घाम आला. मग डावी पाकळी सुटली आणि टपकन खाली पडली.

नाही! मी तात्यांकडे बघितलं. माणूस पैज जिंकला होता. पण तात्या नाचले नाहीत, मिशीला पीळही दिला नाही. उलट ते आबांहून जास्त घामाघूम झाले होते. बाबलने नव्या पाकळ्या लावल्या आणि साडेसातचं विचारलं. ह्या वेळी देवाने वेळ लावला नाही. पुन्हा डावी पडली.

“दोनव नाय,” बाबल म्हणाला आणि डोकं खाजवू लागला. “देव म्हणता, पाचव नाय आणि साडेसातव नाय. असा करूया, एक घोड्यापासून सुरवात करूया. एक, दोन, तीन, असा इचारीत जावया—”

“नको!” आबा आणि तात्या एकदम किंचाळले. घंटेवरचं कबुतर उडालं.

“देवाक किती तरास देवचो?” आबा म्हणाले.

“खरा,” तात्या म्हणाले. “देवाक दुसरी कामां आसत.” आणि दोघं प्रदक्षिणा न घालता चपला शोधायला लागले.

मी परत येताना वाटेत ठरवलं. देवही हात वर करतो म्हटल्यावर माणसानेच काय ते बघायला हवं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबा मासे घ्यायला आणि तात्या, आबांना मासे कळत नाहीत हे सांगायला, असे दोघं सकाळीच बाहेर पडले. मी ब्लेड घेऊन लेथच्या मागे जाऊन बसले. मधूनच उठून पळावंसं वाटत होतं, पण रंगाच्या कंपनीतला तो मुलगा डोळ्यांसमोर आणला की पुन्हा बसत होते.

पाटीच्या कडांना रंग चांगला जाड होता, भाकरीएवढा. इतक्या दसऱ्यांचा. मला वाटलं, आता तासभर खरवडावं लागणार. पण मधोमध, जिथे घोड्यांचा आकडा असतो, तिथे ब्लेड लावलं तर पातळ पोपडा अलगद सुटून आला. इथे रंगाचे फार तर पाच-सहा हात होते. मला आधी काही कळलं नाही. मग पोपडा हातात घेऊन उजेडात धरला. रंगात एक लांब केस चिकटला होता. पांढरा, राठ, टोकाला वळलेला. असा केस आमच्या पंचक्रोशीत एकाच माणसाच्या तोंडावर उगवायचा.

मी तो पोपडा बाजूला ठेवला आणि त्याच्या खालचा काढला. त्यात नखाएवढं काहीतरी गोल चमकत होतं. माशाचं खवलं. तांबोशीचं असावं.

त्याच्या खाली पितळ लख्ख होतं. त्यावर आकडा होता, स्वच्छ, कालच कोरल्यासारखा.

तीन.

मी जमिनीवर फतकल मारून बसले. आधी राग आला. एवढा राग, की ते ब्लेड घेऊन बाजारात जावं आणि भर मासळीबाजारात दोघांना विचारावं असं वाटलं. आधी आबांनी कधीतरी चोरून पाटी खरवडली होती, तीन बघितलं होतं, आणि मासळीच्या हातांनी पुन्हा रंग फासून ठेवला होता. मग काही वर्षांनी तात्यांनी तोच पोपडा उचलून आकडा बघितला, तो परत दाबून बसवला आणि वरून रंग मारला, पाटीला नाक लावून, म्हणून मिशीचा केस रंगात अडकला. दोघंही हरले होते, दोघांनाही ते माहीत होतं, आणि दुसऱ्याला माहीत आहे हे मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आणि दोघंही इतकी वर्षं पाच, साडेसात, पाच, साडेसात करत माझं डोकं खात होते! देवळातला घाम मला आता कळला. मग कबुतर आठवलं आणि मला हसू आवरेना. एकटीच त्या मोटरीसमोर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

पण खरं सांगायचं तर मला त्या मोटरीचं वाईटही वाटलं. तीन घोड्यांच्या जिवावर तिने एवढे शाफ्ट ओढले होते, आणि कौतुक मात्र भलत्याच आकड्यांचं झालं होतं.

मी पाटीवरचे सगळे आकडे उतरवून घेतले आणि घाटगेसाहेबांना फोन लावला.

“मोटर तीनची आहे.”

“मग पाचचा ड्राइव्ह देतो. पाठवू?”

“पाठवा.”

“आणि ताई, काकांची मिशी?”

“आहे जागेवर.”

“बरं झालं. मला दोन दिवस झोप नाही बघा.”

मग मी कोपऱ्यातला हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि पाटी पुन्हा रंगवली. केस आणि खवलं तेवढं कागदात बांधून ठेवलं. हात धुवायला मागच्या दारी गेले, तर आई घासलेटची बाटली घेऊन उभी. मी मागितली नव्हती.

“साबणान जावचा नाय. ह्या लाव,” ती म्हणाली. “तुझ्या आबाकव मिया ह्याच दिलंय होता.”

मी बाटली तशीच हातात धरली. “म्हणजे तुका सगळा ठावक होता, आणि पाटी झाकली रवांदे म्हणान तू मुद्दाम कौल—”

“झाकली मूठ सव्वा लाखाची गो,” ती म्हणाली आणि नारळ फोडायला निघून गेली.

दुपारी दोघं बाजारातून आले. वर्कशॉपच्या दारातच दोघंही थबकले. ओल्या रंगाचा वास लपत नाही. आबांच्या हातात बांगड्यांची पिशवी होती, ती त्यांनी पाठीमागे घेतली. तात्यांनी ओठांवर हात ठेवला.

“काय दिसला?” आबांनी विचारलं. आवाज बारीक होता.

मी दोघांना थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. तेवढा हक्क माझा होता.

“काय नाय,” मी म्हणाले. “आकडो झिजान गेलो. कायएक दिसना नाय.”

“माका वाटलाच होता,” आबा घाईघाईने म्हणाले.

“झिजतलोच,” तात्या म्हणाले. “इतक्या वर्सांची पाटी. पितळच ता.”

आणि मग दोघंही मोठ्या उत्साहाने बांगडे ताजे आहेत की नाहीत यावर भांडायला लागले.

ड्राइव्ह आला तो एसटीच्या पार्सलने. खोक्यावर मोठ्या अक्षरात पाच लिहिलं होतं. एक नंबर मोठा घ्यायचा, हे दोघांनाही जेवताना मीच सांगितलं होतं. म्हणजे पाचचा ड्राइव्ह आला तर मोटर कितीची, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आबांनी खोकं बघितलं. तात्यांनी खोकं बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, बराच वेळ. बहुतेक तेव्हाच दोघांनाही कळलं की समोरच्यालाही माहीत आहे.  आबांनी खोकं उचललं आणि आकड्याची बाजू भिंतीकडे करून ठेवलं.

मी वायरिंग केलं. ड्राइव्हमध्ये मोटरीचा करंट भरायची वेळ आली, तेव्हा दोघंही छताकडे बघत उभे राहिले, छतावर काही नसताना. मोटरीला वारा हवा म्हणून आबांच्या खाटेजवळचा टेबलफॅन आणून तिच्यावर सोडला. त्यानंतर आबा कित्येक रात्री पुठ्ठ्याने वारा घेत झोपले. मोटारीक बघा कसा गार वाटता, म्हणायचे.

देवबागच्या एका होडीचा शाफ्ट कातायचा पडला होता. तो चढवला. मी बटण हळूहळू फिरवलं. लेथ कण्हला, मग फिरायला लागला, सावकाश, अगदी हवा तसा. आबांनी टूल पुढे घेतलं. मी श्वास धरला, कारण टूलने जास्त खोल घाव घेतला असता तर ड्राइव्ह बंद पडला असता आणि सगळंच उघड्यावर आलं असतं.

“वासू, दमान घे रे,” तात्या हळूच म्हणाले. “घोडे म्हातारे झालेत.”

“व्हय,” आबा म्हणाले. त्यांनी बारीकसा घाव घेतला, बरोबर तीन घोड्यांना झेपेल तेवढाच. मला कळलं की हा माणूस कित्येक वर्षं तेवढाच घाव घेत आला होता. किस निघाला, निळसर, गुंडाळत गुंडाळत माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला, बोट भाजलं, तरी सोडला नाही. डोंबिवलीला त्याच संध्याकाळी नकार कळवला.

दसऱ्याला लेथची पूजा झाली. झेंडू, हळद-कुंकू, नारळ. मग तात्यांनी रंगाचा डबा उघडला. आधी मोटर रंगवली. मग ब्रश बुडवून ते ड्राइव्हकडे वळले आणि त्याच्या कुशीवर जिथे पाच लिहिलं होतं, तिथे एक चांगला भरघोस हात मारला. आबा डबा धरून उभे होते.

“वायच हयसरव मार,” आबा म्हणाले. “अजून दिसता.”

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत मासे खाल्ले. लेथ अजून आहे, ड्राइव्ह दुसरा आहे, वर्कशॉप माझं आहे. दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत, पण आबांच्या दहाव्याला मी गेले. माझा बाप होता. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे समोरच्या झाडावर भरपूर, पण एकही खाली येईना. माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन सांगू लागला. वहिनीला सांभाळू. वर्कशॉप चालू ठेवू. मी म्हणाले, आबा, तुमचा पंखा तुमच्या खाटेजवळ परत ठेवलाय. कावळे ढिम्म.

शेवटी तात्या उठले. ऐंशीच्या पुढचं वय, काठी टेकत पाण्यापर्यंत गेले. मिशी पांढरीशुभ्र, वाऱ्याने हलत होती. त्यांनी हात जोडले.

“वासू,” ते म्हणाले, “मोटार पाचची होती रे. तू जिकलंस.”

एक कावळा लगेच खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. धाकट्या भावासाठी थोरला क्षौर करत नाही, आमच्यात तशी रीत नाही. पण त्यांचा ओठ उघडा होता, गुळगुळीत, लहान मुलाचा असतो तसा. ते बाकावर बसले आणि मिशीला पीळ द्यायला हात वर नेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच परत मांडीवर आला.

मला रडू आवरेना.

“तात्या, कित्याक काढलास?” मी म्हणाले. “तुमका म्हायती आसा ना, त्या पाटीर—”

“पाटीर रंग आसा गो,” तात्या म्हणाले. “तेका हात लावू नको.”